निसर्गचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स व त्यांचें पहिलें भिंग

छायाचित्रणाची हौस आतां घरोघरीं पोहोंचली आहे. एके काळीं कॅमेरा ही श्रीमंतांची चैन होती. आज खिशांतल्या भ्रमणध्वनींतही एक सोडून दोन-तीन भिंगें असतात. सुटींत डोंगर, किल्ला किंवा समुद्रकिनारा पाहावयास गेलेला विद्यार्थी सृष्टिदेखाव्यांचीं पांचपन्नास चित्रें घेतल्यावांचून परत येत नाहीं. परंतु घरीं येऊन तीं पाहूं लागला म्हणजे त्याची निराशा होते. डोळ्यांना जो डोंगर अंगावर आल्यासारखा भव्य दिसला होता, तो चित्रांत वारुळाएवढा दिसतो. मग दोष सगळा भिंगाचा असें ठरवून तो वडिलांपाशीं नव्या भिंगासाठीं हट्ट धरतो. देखाव्यांचीं चित्रें घेण्यासाठीं पहिलें भिंग कोणतें घ्यावें, हा प्रश्न विद्यार्थी व त्यांचे पालक यांजकडून आम्हांस अनेकदां विचारण्यांत येतो. त्याचें उत्तर दुकानाच्या यादींत शोधण्यापेक्षां एका थोर पुरुषाच्या चरित्रांत शोधणें अधिक हिताचें होईल, असें आम्हांस वाटतें. अमेरिकेंतील विख्यात छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचा जीवनवृत्तांत त्याच हेतूनें आम्ही येथें सादर करीत आहों.

अ‍ॅन्सेलचा जन्म ता. २० फेब्रुवारी १९०२ रोजीं कॅलिफोर्निया राज्यांतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं झाला. आजोबांचा इमारती लाकडाचा मोठा व्यापार होता व वडील चार्ल्स हेही त्याच धंद्यांत होते. त्यांचें घर शहराच्या कडेला, समुद्राजवळच्या वाळूच्या टेकड्यांमध्यें होतें. १९०६ सालच्या एप्रिल महिन्यांत त्या शहरास प्रसिद्ध भूकंप झाला. चार वर्षांचा अ‍ॅन्सेल मागाहून बसलेल्या एका धक्क्यानें बागेच्या भिंतीवर आपटला आणि त्याचें नाक मोडलें. तें पुढें जन्मभर वांकडेंच राहिलें. लवकरच घरावर दुसरी आपत्ति आली. १९०७ सालीं अमेरिकेंत आर्थिक संकट ओढवलें, आजोबाही निवर्तले आणि कांहीं वर्षांत कुटुंबाचा तो व्यापार बसला. वडिलांना उरलेलें आयुष्य नोकरी करून, काटकसरीनें, देणीं फेडण्यांत घालवावें लागलें.

मुलगा बुद्धिमान खरा, परंतु अतिशय चंचल. वर्गांत त्याचें चित्त ठरेना. शाळेंत त्याचा जम बसत नाहीं असें पाहून अखेर वडिलांनीं त्यास बाराव्या-तेराव्या वर्षीं घरींच शिक्षण देण्याचें ठरविलें. आमच्या पालकवर्गानें या ठिकाणीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. शाळा सोडवावी, असा याचा अर्थ नव्हे. चार्ल्स अ‍ॅडम्स यांनींही मुलाला रिकामा सोडला नाहीं, घरीं शिक्षक ठेवले व स्वतः लक्ष घातलें. परंतु मुलाचें मन कशांत रमतें हें पाहण्याची सहनशीलता त्यांच्या अंगीं होती. १९१५ सालीं शहरांत पनामा-पॅसिफिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें, तेव्हां वर्षभराचा परवाना काढून देऊन त्यांनीं मुलाला रोज तेथें पाठविलें. स्वतः चार्ल्स यांना ज्योतिषाची आवड होती. बापलेकांनीं मिळून तीन इंची दुर्बीण घेतली व ते आकाशांतील तारे पाहूं लागले. भिंगांतून जग पाहण्याचा पहिला आनंद त्या मुलास बहुधा या दुर्बिणीनेंच दिला असावा.

याच सुमारास अ‍ॅन्सेल आपण होऊन पियानो वाजवूं लागला. जो मुलगा वर्गांत अर्धा तास स्वस्थ बसत नसे, तो तासन्‌तास एकच स्वरावलि पुन्हां पुन्हां वाजवीत बसे. चांगले शिक्षक मिळाले. वादनांतील निर्दोषपणाबद्दल ते कडक होते. एक स्वरही पुसट वाजतां कामा नये, ही शिस्त त्याच्या हाडींमांसीं भिनली. आपण मोठेपणीं वादक होणार, याविषयीं त्याला कांहींच शंका नव्हती.

१९१६ सालीं आजारपणांत अंथरुणावर पडला असतां त्याच्या मावशीनें त्यास सिएरा नेव्हाडा पर्वताविषयींचें एक पुस्तक वाचावयास दिलें. तें वाचून योसेमिटी दरी पाहण्याचा त्यानें असा ध्यास घेतला कीं, ती सुटी तेथेंच घालविण्याचें आईबापांनीं कबूल केलें. योसेमिटी ही त्या पर्वतांतील एक खोल दरी आहे. दोहों बाजूंस ग्रॅनाइट दगडाचे तीन-तीन हजार फूट उंचीचे कडे, त्यांवरून कोसळणारे धबधबे, आणि तळाशीं कुरणांतून वाहणारी मर्सेड नदी. या ठिकाणीं आईबापांनीं चौदा वर्षांच्या अ‍ॅन्सेलच्या हातांत कोडॅक कंपनीचा एक ब्राउनी पेटी-कॅमेरा दिला. पुढें जगभर गाजलेल्या या पुरुषाचें पहिलें भिंग तें हेंच.

तें भिंग होतें तरी कसें? एका साध्या पेटीच्या तोंडाशीं बसविलेली एकच कांच. एका अंगास फुगीर, दुसऱ्या अंगास खोलगट, कोरीच्या आकाराची. अशा भिंगानें देखाव्याची प्रतिमा कडेपर्यंत बरी उमटते, हें विल्यम वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८१२ सालीं, म्हणजे छायाचित्रणाची कला जन्मास येण्यापूर्वींच, दाखवून दिलें होतें. ब्राउनींत भिंग पुढेंमागें सरकविण्याची सोय नव्हती. प्रकाशाचें मोजमाप नव्हतें. सूर्य पाठीशीं घ्यावा, पेटी स्थिर धरावी आणि कळ दाबावी, इतकेंच काय तें मुलाच्या हातीं होतें. हाफ डोम नांवाच्या प्रचंड कड्याचें चित्र घेण्यासाठीं तो एका कुजक्या खोडावर चढला, तों खोड पायांखालीं ढासळलें. आणि खालीं डोकें वर पाय अशा स्थितींत पडत असतां त्याच्या हातून कळ दाबली गेली. फिल्म धुवून देणारा दुकानदार बुचकळ्यांत पडला कीं, बाकीचीं सगळीं चित्रें सुलटीं असतां हें मधलेंच एक उलटें कसें? तें उलटें चित्र अ‍ॅडम्स यांना म्हातारपणींही प्रिय होतें.

त्या उन्हाळ्यानंतर योसेमिटीस गेल्यावांचून त्यांचें एकही वर्ष सुनें गेलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं अ‍ॅन्सेल अधिक चांगला कॅमेरा व तिपाई घेऊन तेथें गेला. हिवाळ्यांत त्यानें सॅन फ्रॅन्सिस्को येथील एका छायाचित्रें धुणाऱ्या कारखानदाराकडे अंधारखोलींतील काम पत्करलें. लोकांच्या फिल्मा धुवावयाच्या, त्यांच्या प्रती छापावयाच्या, ओझीं वाहावयाचीं, अशा तऱ्हेचें तें हलकें काम होतें. परंतु रसायनें आणि कागद यांची ओळख त्यास तेथेंच झाली. १९१९ सालीं तो पर्वत व अरण्यें यांच्या रक्षणासाठीं झटणाऱ्या सिएरा क्लब या संस्थेचा सभासद झाला, आणि १९२० पासून चार उन्हाळे दरींतील त्या संस्थेच्या वास्तूचा रखवालदार म्हणून राहिला. पाहुण्यांना वाटा दाखवाव्या, वाट चुकलेल्यांना शोधावें आणि उरलेल्या वेळीं गाढवावर सामान लादून पर्वतांत हिंडावें, असा त्याचा क्रम असे. ज्या कड्यांचीं चित्रें त्यानें पुढें घेतलीं, ते कडे त्यानें आधीं पायांखालीं घातले होते, ही गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे.

आतां त्यांच्या दुसऱ्या भिंगाची हकीकत सांगतों. त्या काळीं छायाचित्रकारांमध्यें एक चाल पडली होती. छायाचित्र हें रंगविलेल्या चित्रासारखें दिसलें तरच त्यास कलेचा मान मिळे. म्हणून मुद्दाम अंधुक प्रतिमा पाडणारीं मऊ भिंगें वापरीत, खरखरीत कागदावर शाईनें प्रती काढीत, आणि कुंचल्यानें रेघोट्या ओढून चित्रास धुक्याचें पांघरूण घालीत. तरुण अ‍ॅडम्सही या चालीस भुलले. १९२१ सालीं मर्सेड नदीच्या एका फांट्यावरील पाइन वृक्षांचें जें चित्र त्यांनीं घेतलें, तें असल्याच मऊ भिंगानें घेतलेलें आहे. पाण्यावर व झाडांवर पसरलेला त्यांतील प्रकाश सुंदर आहे, यांत संशय नाहीं. परंतु पहांटेच्या स्वच्छ हवेंत सिएरा पर्वताच्या माथ्यावर ज्यानें चार उन्हाळे काढले, त्याला ठाऊक होतें कीं तेथील दगडाची कड सुरीसारखी धारदार दिसते. जें डोळ्यांना लख्ख दिसतें तें भिंगानें अंधुक कां करावें? लोकांची आवड एका बाजूला व स्वतःच्या डोळ्यांची साक्ष दुसऱ्या बाजूला, असा हा पेंच होता. त्यांनीं डोळ्यांची साक्ष प्रमाण मानली, आणि अंधुक भिंगें हळूहळू बाजूस ठेविलीं.

पुढील प्रसंग नीट कळावा म्हणून भिंगांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. दूरच्या पदार्थाचे किरण भिंगांतून जाऊन मागें ज्या ठिकाणीं एकत्र येतात, त्या ठिकाणापासून भिंगाचें जें अंतर, त्यास नाभ्यंतर म्हणतात. नाभ्यंतर आंखूड असेल तर भिंग रुंद प्रदेश टिपतें, परंतु त्यांतील प्रत्येक वस्तु लहान उमटते. नाभ्यंतर लांब असेल तर प्रदेश थोडा मावतो, परंतु दूरचा डोंगर मोठा दिसतो. कॅमेऱ्यांतील कांचेच्या किंवा फिल्मेच्या कर्णाएवढें नाभ्यंतर असलेल्या भिंगास मध्यम म्हणावें, असा सामान्य नियम आहे. साडेसहा इंच रुंद व साडेआठ इंच लांब कांचेचा कर्ण किती, हें आमचे भूमितीचे विद्यार्थी चटकन्‌ काढतील. तो पावणेअकरा इंचांच्या आसपास भरतो. सारांश, ज्याला आपण उगाच मोठें किंवा छोटें भिंग म्हणतों, त्याचें माप त्यामागच्या कांचेवरून ठरतें.

ता. १० एप्रिल १९२७ रोजीं अ‍ॅडम्स आपली वाग्दत्त वधू व्हर्जिनिया बेस्ट आणि आणखी कांहीं मित्र यांसह हाफ डोमच्या बाजूच्या एका उंच खडकावर चढून गेले. पाठीवर वर सांगितलेल्या मापाच्या कांचांचा अवजड कॅमेरा, दोन भिंगें, दोन रंगीत गाळण-कांचा, लाकडी तिपाई आणि बारा कांचा. वाट अशी कीं जागोजाग बर्फ आणि घसरडे दगड. वाटेंत इतर चित्रें घेण्यांत व चुकांमुकांत बहुतेक कांचा संपल्या. त्या खडकावरून हाफ डोमचा कडा समोर उभा ठाकला तेव्हां दोनच शिल्लक होत्या. कडा सावलींत होता. ऊन त्यावर तिरपें सरकेपर्यंत अ‍ॅडम्स वाट पाहत थांबले. मग सुमारें साडेआठ इंच नाभ्यंतराचें, म्हणजे मध्यमाहून किंचित् रुंद, असें भिंग लावून व त्यापुढें पिवळी कांच धरून त्यांनीं पहिलें चित्र घेतलें.

कळ सोडतांच त्यांच्या मनांत आलें कीं, हें चित्र बिनचूक येईल, परंतु आपणांस जें वाटलें तें त्यांत उतरणार नाहीं. पिवळ्या कांचेंतून आकाश फिकट राखी येणार. आणि त्यांच्या मनश्चक्षूंपुढें तर काळ्याभोर आकाशांत झुकलेला, गंभीर, जवळजवळ भयप्रद असा कडा उभा होता. भिंग तेंच, जागा तीच, ऊनही तेंच. शेवटची एक कांच हातीं होती. ती फुकट गेली तर खालीं उतरून पुन्हां कधीं यावयाचें, याचा नेम नव्हता. त्यांनीं पिवळी कांच काढली, गडद तांबडी बसविली, आणि पांच सेकंद कांचेवर प्रकाश पडूं दिला. तांबडी कांच आकाशाचा निळा प्रकाश अडविते, त्यामुळें आकाश काळवंडतें. ऊन लागलेला दगड मात्र उजळ राहतो. हाफ डोमचा तो कडा या शेवटच्या कांचेवर जसा उमटला, तसा तो त्यांनीं मनांत आधींच पाहिला होता. कळ दाबण्यापूर्वीं सबंध चित्र मनांत पाहावयाचें, ही जी अ‍ॅडम्स यांची पुढची शिकवण, तिचा उगम या दिवशीं झाला.

तरीही आयुष्याचा मार्ग ठरलेला नव्हता. अ‍ॅल्बर्ट बेंडर या सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उदार गृहस्थाच्या मदतीनें त्यांच्या अठरा पर्वतचित्रांचा संच १९२७ सालीं प्रसिद्ध झाला. १९२८ सालीं विवाह झाला. पण घरांत पियानो होता व दहा-बारा वर्षांचा रियाज होता. १९३० सालीं न्यू मेक्सिकोंतील टाओस गांवीं पॉल स्ट्रँड या नामांकित छायाचित्रकाराची गांठ पडली. स्ट्रँड यांच्याजवळ दाखविण्यास छापलेल्या प्रती नव्हत्या, केवळ निगेटिव्हें होतीं. खिडकीच्या उजेडांत धरलेल्या त्या उलट्या प्रतिमांतील नेमकेपणा पाहून अ‍ॅडम्स यांचा निश्चय झाला. संगीत सोडूं नये म्हणून आई व मावशी यांनीं विनविलें; यंत्राला माणसाचें अंतःकरण कसें कळणार, अशी त्यांची शंका होती. उत्पन्नाची शाश्वति कोठेंच नव्हती. तरी त्यांनीं कॅमेराच पत्करला. पियानोचीं वर्षें मात्र वायां गेलीं नाहींत. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपि आणि प्रत छापणें म्हणजे तिचें वादन, असें ते पुढें शिष्यांना समजावून सांगत.

१९३२ सालीं एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम, विलार्ड व्हॅन डाइक आदि सहकाऱ्यांसह त्यांनीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें एक प्रदर्शन भरविलें. मंडळाचें नांव एफ ६४. हें नांव विचित्र वाटेल, पण त्यांत त्यांचा सगळा पंथ सामावला आहे. भिंगाच्या मुखाशीं असलेलें छिद्र नाभ्यंतराच्या चौसष्टाव्या भागाइतकें लहान केलें म्हणजे पायांजवळचें गवत व दूरचें शिखर दोन्ही सारखींच स्पष्ट उमटतात. मोबदला एवढाच कीं प्रकाश थोडा येतो, म्हणून कळ बराच वेळ उघडी ठेवावी लागते व तिपाईवांचून चालत नाहीं. अंधुक भिंगांची चाल या मंडळानें मोडून काढली. चार वर्षांनीं आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनीं न्यू यॉर्क येथील आपल्या चित्रशाळेंत अ‍ॅडम्स यांचें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें, तेव्हां त्यांची कीर्ति देशभर झाली.

१९४१ सालीं राष्ट्रीय उद्यानांचीं चित्रें घेण्याचें काम अमेरिकन सरकारनें त्यांच्यावर सोंपविलें. ता. १ नोव्हेंबर रोजीं सायंकाळीं ते आठ वर्षांचा मुलगा मायकेल व एक मित्र यांसह मोटारीनें सँटा फे येथील मुक्कामीं परतत होते. वाटेंत हर्नांडेझ नांवाचें खेडें लागलें. पूर्वेस बर्फाच्छादित पर्वतांवर चंद्र वर आलेला, आणि स्मशानांतील पांढऱ्या क्रूसांवर मावळत्या उन्हाची शेवटची तिरीप पडलेली. मोटार थांबवून त्यांनीं घाईनें कॅमेरा उभारला. या वेळीं कांच नव्हे, आठ इंच बाय दहा इंच फिल्म होती. तिचा कर्ण पावणेतेरा इंच. पण त्यांनीं लाविलें तें भिंग तेवीस इंच नाभ्यंतराचें. त्यांच्याजवळ कुक कंपनीचें असें एक भिंग होतें कीं, त्याचे दोन भाग एकत्र किंवा वेगवेगळे वापरून तीन नाभ्यंतरें मिळत. त्यांतील सर्वांत लांब तें त्यांनीं निवडलें. कारण उघड होतें. रुंद भिंगानें चंद्राचा ठिपका झाला असता व खेडें मोकळ्या मैदानांत हरवलें असतें.

इतक्यांत ध्यानांत आलें कीं, प्रकाश मोजण्याचें यंत्र सांपडत नाहीं. क्रूसांवरील ऊन तर पळापळानें सरकत होतें. तेव्हां चंद्राची तेजस्विता किती असते, तो आंकडा त्यांना आठवला, आणि त्यावरून मनांतल्या मनांत गणित मांडून त्यांनीं छिद्र बत्तिसाव्या भागाइतकें ठेवून एक सेकंद प्रकाश दिला. दुसरें चित्र घेण्यासाठीं फिल्मेची पेटी उलटवितात न उलटवितात तोंच क्रूसांवरील ऊन निघून गेलें. हें एकमेव चित्र आज त्यांच्या सर्व कृतींत अधिक प्रसिद्ध आहे. चित्रांच्या तारखा लिहून ठेवण्याचा त्यांना कंटाळा असे. हें चित्र कोणत्या सालचें, याविषयीं त्यांच्याच लिहिण्यांत मेळ नव्हता. शेवटीं ज्योतिषगणित्यांनीं चित्रांतील चंद्राच्या स्थानावरून तारीख काढून दिली.

अशा कीर्तीचा त्यांनीं उपयोग काय केला, हेंही पाहिलें पाहिजे. सिएरा क्लबचे संचालक म्हणून त्यांनीं १९३४ पासून १९७१ पर्यंत काम केलें. किंग्ज कॅनियन या पर्वतप्रदेशास राष्ट्रीय उद्यानाचें संरक्षण मिळावें म्हणून १९३६ सालीं ते आपलीं चित्रें घेऊन वॉशिंग्टन येथें प्रतिनिधींना भेटले. १९३८ सालीं त्यांनीं सिएरा पर्वताच्या चित्रांचें मोठें पुस्तक काढलें. त्याची प्रत मंत्री इकीज यांच्या हातून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोंचली, आणि १९४० सालीं तें उद्यान कायद्यानें स्थापन झालें. श्रेय एकट्या चित्रांचें नव्हे. अनेकांचे श्रम त्यामागें होते. परंतु जे लोक तेथें कधीं गेले नव्हते, त्यांना तो प्रदेश डोळ्यांनीं पाहावयास मिळाला, तो या भिंगांमुळें.

दुसऱ्या महायुद्धांत जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक असतांही, घरेंदारें सोडावयास लावून छावण्यांत कोंडण्यांत आलें. त्यांपैकीं मँझनार ही छावणी सिएरा पर्वताच्या पायथ्याशींच होती. १९४३ सालीं अ‍ॅडम्स तेथें गेले. ज्या भिंगांनीं त्यांनीं शिखरें टिपलीं होतीं, त्याच भिंगांनीं त्यांनीं शेतांत राबणारे, वर्गांत शिकणारे, वर्तमानपत्र छापणारे ते निरपराध लोक टिपले आणि १९४४ सालीं त्यांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. युद्धाच्या ऐन भरांत हें करणें लोकप्रियतेचें काम नव्हतें. तीं निगेटिव्हें त्यांनीं पुढें राष्ट्राच्या ग्रंथालयास अर्पण केलीं.

शिक्षक या नात्यानेंही त्यांची योग्यता मोठी होती. फ्रेड आर्चर यांच्या सहकार्यानें त्यांनीं १९४० च्या सुमारास एक पद्धति बसविली. तींत काळ्याकुट्टापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत छटांच्या अकरा पायऱ्या कल्पून, देखाव्यांतील कोणती जागा कोणत्या पायरीवर उमटावी, हें चित्र घेण्यापूर्वींच ठरवितां येतें. स्वरांच्या सप्तकासारखें हें छटांचें सप्तक होय. कॅमेरा व भिंग, निगेटिव्ह आणि प्रत या विषयांवर त्यांनीं पाठ्यग्रंथ लिहिले, आणि योसेमिटी येथें वर्षानुवर्षें उन्हाळी वर्ग चालविले. १९८० सालीं राष्ट्राध्यक्षांनीं त्यांना स्वातंत्र्यपदक देऊन गौरविलें. ता. २२ एप्रिल १९८४ रोजीं, वयाच्या ब्यायशींव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. त्याच वर्षीं योसेमिटीलगतच्या एका विस्तीर्ण अरण्यास त्यांचें नांव देण्यांत आलें, आणि दुसऱ्या वर्षीं सिएरा पर्वतांतील एका शिखरासही.

विद्यार्थिमित्रहो, आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. पहिलें भिंग कोणतें घ्यावें? या चरित्रावरून आम्हांस असें दिसतें कीं, देखाव्यासाठीं रुंदच भिंग हवें, हा समज खरा नव्हे. कड्याचें चित्र किंचित् रुंद भिंगानें निघालें, चंद्रोदयाचें चित्र लांब भिंगानें. आणि दोन्ही वेळां भिंग मागाहून आलें, मनांतलें चित्र आधीं. तुमचा डोंगर वारुळाएवढा दिसला, तो भिंग हलकें म्हणून नव्हे, तर रुंद भिंगांत सगळा मुलूख कोंबण्याचा मोह झाला म्हणून. तेव्हां ज्यांस नवें भिंग घेणें शक्य आहे त्यांनीं मध्यम नाभ्यंतराचें, साधें व स्पष्ट प्रतिमेचें एकच भिंग घ्यावें. छत्तीस मिलिमीटर लांब व चोवीस मिलिमीटर रुंद चित्रपट्टीच्या कॅमेऱ्यास तें पस्तीस ते पन्नास मिलिमीटरांचें असावें. उरलेल्या पैशांत आधीं मजबूत तिपाई घ्यावी. मग वर्षभर त्या एका भिंगानें एकच जागा सकाळीं, संध्याकाळीं, पावसांत व उन्हांत पाहावी. त्या भिंगांत काय मावतें व काय मावत नाहीं, हें कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वींच सांगतां येऊं लागलें, कीं दुसऱ्या भिंगाची गरज आहे किंवा नाहीं, हें तुमचें तुम्हांसच कळेल. आणि ज्यांस नवें भिंग घेणें शक्य नाहीं, त्यांनीं खंत करूं नये. अ‍ॅडम्स यांनींही आरंभ केला तो एका साध्या पेटीनें, आणि एका कुजक्या खोडावर चढून.

पालकांस आमची एवढीच प्रार्थना कीं, मुलगा किंवा मुलगी भिंग मागूं लागली तर किंमतीविषयीं विचारण्याआधीं त्यांतून काय पाहावयाचें आहे, तें विचारावें. उत्तर मिळालें तर तें भिंग महाग पडणार नाहीं. आणि उत्तर मिळालें नाहीं, तर मुलासोबत एकदां डोंगरावर जाऊन यावें. चार्ल्स अ‍ॅडम्स यांनीं आपल्या चंचल मुलाला प्रथम दिला तो वेळ. कॅमेरा त्यानंतर दिला.